रोहित्राचे गुंजन आणि उपनगरी निवास : मुंबई उपनगरांतील वीजवितरणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास प्रामुख्याने लोकल गाड्या, कारखाने आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्या आधारे लिहिला गेला आहे. विजेचा उल्लेख त्यात येतो तो प्रगतीचे एक साधन म्हणून. वीज घरापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्राचा त्या घरातील माणसाच्या जीवनाशी कसा संबंध आला, हा प्रश्न मात्र अभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर उपकेंद्राची खोली असेल, तर तिच्या वरच्या घरात मध्यरात्रीनंतर, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, खर्जातील एक सलग घुमणारा आवाज जाणवतो. तो कोठून येतो हे चटकन कळत नाही. खिडकी बंद केली तरी तो कमी होत नाही. उलट बाहेरचे इतर आवाज थांबल्यामुळे तो अधिकच स्पष्ट होतो.

शासकीय मराठीत 'रोहित्र' आणि बोलीत 'ट्रान्सफॉर्मर' किंवा 'डीपी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचे हे गुंजन होय. प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरांच्या संदर्भात या गुंजनाचा व त्यामागील कंपनाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. रोहित्र मुळात का घुमते, ते माणसाच्या घराखाली कसे आले आणि ते शांत करण्याचे उपाय ज्ञात असूनही ते अमलात का येत नाहीत, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

उपनगरांतील वीजवितरणाची जडणघडण

टाटा उद्योगसमूहाच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. आरंभी या विजेचा मोठा वाटा कापडगिरण्यांना जात असे. घरगुती वापराच्या दृष्टीने उपनगरांच्या इतिहासात महत्त्वाचा टप्पा १९२९ हा आहे. त्या वर्षी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि 'बीएसईएस' या आद्याक्षरांनी ती पुढे घराघरांत ओळखली गेली. पश्चिम उपनगरांचा बहुतांश भाग आणि पूर्वेकडील घाटकोपरसारखी उपनगरे तिच्या पुरवठाक्षेत्रात आली. २००३ मध्ये तिचे नियंत्रण रिलायन्स समूहाकडे गेले आणि २०१८ मध्ये मुंबईचा हा वितरण व्यवसाय अदानी समूहाकडे हस्तांतरित झाला. मुलुंड व भांडुप या भागांची वाटचाल वेगळी आहे. तेथील वितरण १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होते आणि मंडळाच्या विभाजनानंतर २००५ पासून ते महावितरणकडे आले.

उपनगरांचा प्रशासकीय विस्तारही याच काळातला. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द अंधेरी व घाटकोपरच्या बाजूने पुढे सरकली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. त्या काळातील उपनगर हे बंगल्यांचे, बैठ्या चाळींचे आणि दोन-तीन मजली इमारतींचे होते. मोकळी जागा मुबलक असल्याने रोहित्र खांबांवर किंवा वस्तीपासून दूर कुंपण घातलेल्या जागेत बसविता येई. ते तेव्हाही घुमतच होते, परंतु त्याच्या आणि झोपलेल्या माणसाच्या मध्ये अंतर होते. हे अंतर पुढे कसे नाहीसे झाले, हाच या प्रश्नाचा खरा इतिहास आहे.

गुंजनाचे कारण

रोहित्रात फिरणारा एकही भाग नसतो. तरीही ते घुमते याचे कारण त्याच्या पोलादी गाभ्यात आहे. लोखंडाचे चुंबकीकरण झाले की त्याच्या लांबीत अतिसूक्ष्म बदल होतो, हे जेम्स जूल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दाखवून दिले. या गुणधर्मास मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. गाभ्याच्या एक मीटर लांबीच्या पत्र्यात हा बदल साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका असतो. परंतु तो सेकंदाला शंभर वेळा घडतो. भारतात वीजप्रवाहाची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात चुंबकीकरण एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने शिखरास पोहोचते आणि पत्र्याची लांबी दोन्ही वेळा सारख्याच प्रकारे बदलते. म्हणून गुंजनाचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो आणि त्याच्यासोबत २००, ३००, ४०० हर्ट्झचे उपस्वर येतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रोहित्रावर भार वाढला की ते अधिक घुमते, असे सामान्यतः मानले जाते. वेटोळ्यांतील प्रवाहामुळे निर्माण होणारा आवाज भारानुसार वाढतो हे खरे असले, तरी वितरण रोहित्रात गाभ्याचा आवाज प्रमुख असतो आणि तो भारावर नव्हे, तर दाबावर अवलंबून असतो. रात्री मागणी घटल्यावर वाहिनीतील दाब बहुधा किंचित वाढतो. त्यामुळे गाभ्यातील चुंबकीय घनता वाढते आणि गुंजनही वाढते. म्हणजेच परिसर सर्वाधिक शांत असतो नेमक्या त्याच वेळी रोहित्र अधिक बोलके होते. 'दिवसा येऊन पाहिले तेव्हा आवाज नव्हता' या नेहमीच्या उत्तरामागील तांत्रिक वस्तुस्थिती ही आहे.

कांजूरमार्ग आणि पवई : निर्मिती व अभ्यास

रोहित्रांचा इतिहास उपनगरांना केवळ ग्राहक म्हणून नव्हे, तर निर्माता म्हणूनही जोडलेला आहे. १९३७ मध्ये मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९६६ मधील विलीनीकरणानंतर ती क्रॉम्प्टन ग्रीव्हज या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा रोहित्र विभाग कांजूरमार्ग येथे होता. घाटकोपर ते मुलुंड हा लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचा पट्टा अनेक दशके अभियांत्रिकी उद्योगांचा पट्टा म्हणून ओळखला गेला आणि कांजूरमार्गचा कारखाना त्यातील एक ठळक खूण होता.

गाभ्याच्या पोलादातील सुधारणा हा गुंजन कमी करण्याचा पहिला मार्ग होता. नॉर्मन गॉस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाला १९३४ मध्ये मिळालेल्या पेटंटमधून स्फटिकांची दिशा एकसारखी असलेला, थंड अवस्थेत लाटलेला सिलिकॉन पोलादाचा पत्रा पुढे आला. 'सीआरजीओ' या नावाने तो कारखान्यांत रूढ आहे. या पत्र्यात ऊर्जेची हानी व लांबीतील बदल दोन्ही कमी होतात. तथापि या सुधारणेचा पूर्ण लाभ शांततेच्या पदरात पडला नाही. पत्रा चांगला असल्याने गाभ्यातील चुंबकीय घनता पूर्वीपेक्षा वाढविणे शक्य झाले, त्यामुळे रोहित्र लहान व स्वस्त झाले आणि आवाजात झालेली बचत काही अंशी खर्ची पडली. घनता ०.१ टेस्लाने उतरविली तर आवाज साधारण दोन-तीन डेसिबलनी घटतो, परंतु त्यासाठी अधिक पोलाद व अधिक तांबे लागते. किमान दराच्या निविदेत शांततेला स्वतंत्र किंमत मिळत नाही, ही मर्यादा येथूनच सुरू होते.

दुसरा मार्ग गाभ्याच्या बांधणीचा होता. पत्र्यांचे सांधे एकाच रेषेत न आणता पायऱ्यांप्रमाणे मागे-पुढे सरकवून रचले, तर सांध्याजवळील चुंबकीय गर्दी कमी होते व आवाज काही डेसिबलनी उतरतो. गाभ्याचे क्लॅम्प योग्य दाबाने आवळणे, टाकीच्या भिंतींची नैसर्गिक वारंवारिता १०० किंवा २०० हर्ट्झशी जुळू न देणे, हेही याच क्रमातील उपाय होत.

या ज्ञानाची शास्त्रशुद्ध मांडणीही याच परिसरात झाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. कांजूरमार्गपासून काही किलोमीटरवर पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील प्रा. एस. व्ही. कुलकर्णी व प्रा. एस. ए. खापर्डे यांचा 'ट्रान्सफॉर्मर इंजिनिअरिंग : डिझाइन अँड प्रॅक्टिस' हा ग्रंथ २००४ मध्ये प्रकाशित झाला. प्रा. कुलकर्णी यांनी अध्यापनात येण्यापूर्वी क्रॉम्प्टन ग्रीव्हजमध्ये काम केले होते. रोहित्राच्या आवाजाची कारणे व तो कमी करण्याचे उपाय यांची चर्चा या ग्रंथात आहे. म्हणजे घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात रोहित्र तयार होत होते, त्याच पट्ट्याच्या शेजारी त्याचे शास्त्र लिहिले जात होते आणि त्याच पट्ट्यातील घरांत त्याचे गुंजन ऐकू येत होते. या तिन्हींचा परस्परांशी संवाद मात्र झाला नाही.

उपकेंद्र इमारतीत येते

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आणि सदनिकांच्या मालकीविषयीचा अधिनियम १९६३ चा. या दोन कायद्यांच्या आधारे उपनगरांत सहकारी गृहनिर्माण संस्थांची वाढ झाली. या संस्थांच्या जुन्या भूखंडांवर उपकेंद्राची खोली आवाराच्या कोपऱ्यात, इमारतीपासून सुटी बांधलेली आढळते. पुढे जमिनीचे भाव वाढले, इमारती उंच झाल्या, वातानुकूलन यंत्रांमुळे विजेची मागणी वाढली आणि आवारातील मोकळा कोपरा वाहनतळाला अपुरा पडू लागला.

बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार विद्युत उपकेंद्राचे क्षेत्र चटईक्षेत्र निर्देशांकाच्या मोजणीतून वगळले जात असे. त्यामुळे अशी खोली इमारतीतच सामावून घेण्यात विकासकाचे नुकसान नव्हते, उलट आवारातील जागा वाचत होती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेने या व्यवस्थेची दुसरी बाजू निश्चित केली. पुरवठ्यासाठी आवारात वितरण रोहित्र बसविणे आवश्यक वाटल्यास अर्जदाराने त्यासाठी योग्य जागा किंवा खोली वितरण परवानाधारकास भाडेपट्ट्याने उपलब्ध करून द्यावी, अशी तरतूद त्या संहितेत होती.

या दोन तरतुदींचा एकत्रित परिणाम फारसा लक्षात घेतला गेला नाही. यंत्र वितरण कंपनीचे राहिले. खोलीचे खांब, तुळया व स्लॅब संस्थेचे राहिले. त्यांचा आराखडा मात्र विकासकाच्या वास्तुविशारदाने, बहुधा भावी रहिवासी निश्चित होण्यापूर्वीच, ठरविलेला असतो. कंपन यंत्रातून निघून खांबात शिरते ते नेमके यंत्र व इमारत यांच्या सांध्यावर. हा सांधा कोणाच्या जबाबदारीत येतो, याचे उत्तर ना नियमावलीत मिळते, ना भाडेपट्ट्यात.

यात अग्निसुरक्षेच्या नियमांची भर पडली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी निवासी व व्यापारी इमारतींच्या आत केवळ शुष्क प्रकारची, म्हणजे तेल नसलेली रोहित्रे बसविण्याचे बंधन घातले. आगीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु तेल व बंद टाकी यांचे आवरण नसल्याने सारख्या क्षमतेचे शुष्क रोहित्र सामान्यतः तेलाच्या रोहित्रापेक्षा अधिक आवाज करते. एका धोक्यापासून संरक्षण देताना दुसऱ्या त्रासाची तजवीजही सोबत करावी लागते, हे या प्रसंगी ध्यानात घेतले गेले नाही.

उपायांचा क्रम आणि त्यांतील चुका

गाभ्याचे गुंजन पूर्णतः नाहीसे करता येत नाही, कारण चुंबकीकरणाशिवाय रोहित्र चालतच नाही. ते घरात पोहोचण्याचा मार्ग मात्र तोडता येतो. हा मार्ग दुहेरी आहे. एक हवेतून, दुसरा इमारतीच्या सांगाड्यातून. तळमजल्यावरील उपकेंद्राच्या बाबतीत दुसरा मार्ग बहुधा निर्णायक ठरतो. म्हणूनच खोलीला जाड दार लावणे किंवा भिंतीला ध्वनिशोषक पट्ट्या ठोकणे या प्रथम सुचणाऱ्या उपायांचा लाभ थोडाच होतो.

योग्य क्रम निदानापासून सुरू होतो. सैल झालेले रेडिएटर, झाकणे, नामफलक यांची खडखड आणि गाभ्याचे सलग गुंजन यांत प्रथम भेद करावा लागतो. खडखड असेल तर बोल्ट आवळून काम भागते. त्यानंतर रात्रीचा दाब मोजून आवश्यक असल्यास पुरवठा बंद ठेवून टॅप बदलणे, म्हणजे उच्चदाब वेटोळ्याचे वेढे वाढवून गाभ्यातील घनता उतरविणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. ग्राहकाला मिळणारा दाब विहित मर्यादेत राहतो की नाही, एवढे त्यासाठी पाहावे लागते.

तिसरी पायरी कंपनरोधक पॅडची. येथे सर्वाधिक चुका होतात. रबराचा कोणताही जाड तुकडा कंपन अडवितो, हा समज चुकीचा आहे. पॅडवर ठेवलेल्या रोहित्राची स्वतःची नैसर्गिक वारंवारिता १०० हर्ट्झपेक्षा पुष्कळ खाली, १० ते १५ हर्ट्झच्या आसपास असावी लागते. १० हर्ट्झ साधायचे तर यंत्राच्या वजनाखाली पॅड सुमारे अडीच मिलिमीटर दबले पाहिजे. १००० केव्हीए क्षमतेच्या तेल-रोहित्राचे वजन तीन टनांच्या आसपास असते. त्या वजनाचा हिशेब न करता टाकलेले कडक रबर दबतच नाही आणि जे दबत नाही ते कंपनही अडवीत नाही.

पॅड योग्य असूनही उपाय फसतो, तो उरलेल्या कडक जोडण्यांमुळे. रोहित्र पॅडवर ठेवून बोल्टने थेट जोत्याला आवळले, तर कंपन बोल्टमधून खाली उतरते. बसबारची जोडणी ताठ असेल, केबलचे नळकांडे टाकी व भिंत दोन्हींत घट्ट बसविले असेल किंवा भूसंपर्काची पट्टी ताणून जोडली असेल, तर एका पॅडने रोखलेले कंपन दुसऱ्या वाटेने इमारतीत जाते. लवचीक जोडण्या, सैल वळण दिलेली भूसंपर्क पट्टी आणि इमारतीच्या खांबांपासून वेगळे ठेवलेले जोते हे तीन उपाय एकत्र केल्याशिवाय पॅडवरील खर्च वाया जातो. नवीन इमारतीत वेगळे जोते आराखड्यात एका रेषेने दाखविता येते. वस्ती झालेल्या इमारतीत त्याच कामासाठी संपूर्ण इमारतीचा पुरवठा खंडित करावा लागतो.

कायदा, मोजमाप आणि न ऐकू येणारी तक्रार

मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या चळवळीला मोठा इतिहास आहे. डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने २००६ पासून मोजणीच्या आधारे हा विषय लावून धरला. ध्वनिवर्धक, फटाके व भोंगे हे या लढ्याचे प्रमुख विषय होते आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या लढ्यातून रूढ झालेले मोजमाप रोहित्राच्या बाबतीत अपुरे पडते.

२००० च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल (ए) आहे. यातील 'ए' हे अक्षर महत्त्वाचे आहे. मानवी कानाची संवेदनशीलता खर्जाकडे कमी होत जाते, म्हणून ध्वनिमापक खर्जातील आवाजातून ठरावीक वजावट करतो. १०० हर्ट्झला ही वजावट सुमारे १९ डेसिबलची असते. परिणामी खोलीत १०० हर्ट्झचा ४० डेसिबलचा शुद्ध स्वर असेल तर मापकावर सुमारे २१ डेसिबल (ए) दिसतात. या वारंवारितेला ऐकू येण्याचा उंबरठा साधारण २७ डेसिबल असल्याने हा स्वर शांत रात्री स्पष्ट ऐकू येतो. कागदावर मात्र ते घर मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली असल्याचे दिसते. नियमांत तक्रारीसाठी ठेवलेली अट, म्हणजे मर्यादेपेक्षा १० डेसिबल (ए) किंवा अधिक आवाज, लक्षात घेतली तर केवळ १०० हर्ट्झचा स्वर घरात ७४ डेसिबलपर्यंत चढल्याशिवाय ती पुरी होणार नाही.

घराच्या आकाराचाही यात वाटा आहे. हवेतील १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट असते. उपनगरी सदनिकेतील शयनगृहाची एक बाजू पुष्कळदा याच मापाच्या जवळपास असते. अशा खोलीत स्थिर तरंग निर्माण होऊन आवाज भिंतींजवळ व मध्यभागी वाढतो आणि त्यांच्या दरम्यान उतरतो. पलंग बहुधा भिंतीला लागूनच असतो. मोजणी करणारा जेथे उभा राहतो तेथे आवाज नसणे आणि झोपणाऱ्याच्या उशाशी तो असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कारखान्यातील चाचणीही हे चित्र दाखवीत नाही. भारतीय मानक २०२६ च्या दहाव्या भागानुसार होणारी मोजणी यंत्राच्या जवळ, परावर्तनाचा परिणाम वजा करून केली जाते. तीत उत्तीर्ण झालेले रोहित्र कडक भिंतींच्या छोट्या खोलीत, इमारतीच्या खांबाला खेटून बसविल्यावर कसे वागेल, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. परदेशांत या उणिवेची दखल पूर्वीच घेतली गेली. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये आलेल्या बीएस ४१४२ या मानकात एकसुरी आवाजासाठी मोजलेल्या पातळीत वाढ धरण्याची पद्धत आहे आणि जर्मनीत १९९७ मध्ये डीआयएन ४५६८० या मानकाने घरातील कमी वारंवारितेच्या आवाजासाठी स्वतंत्र मोजणी सांगितली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की उपनगरांतील रोहित्राचे गुंजन हा मूलतः यंत्राच्या बिघाडाचा प्रश्न नाही. कारखान्यातून निर्दोष बाहेर पडलेले यंत्र, नियमानुसार बांधलेली खोली आणि कायद्याच्या मर्यादेत असलेले मापन या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही त्यांच्या वरच्या मजल्यावरील माणसाची झोप मोडू शकते. रोहित्र व निवास यांतील अंतर नगररचनेने काढून घेतले. त्या अंतराची जागा भरून काढणारी व्यवस्था मात्र कोणीही निर्माण केली नाही.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. बांधकामाच्या आराखड्यात उपकेंद्राचे जोते खांबांपासून वेगळे दाखविणे, भाडेपट्ट्यात कंपनरोधक बसवणीची जबाबदारी नावानिशी लिहिणे, उपकेंद्राच्या थेट वर शयनगृह न ठेवणे आणि तक्रार आल्यास रात्री, घराच्या आत, १०० हर्ट्झच्या पट्टीत मोजणी करणे, एवढ्या चार गोष्टींनी प्रश्नाचा मोठा भाग सुटू शकतो. उपनगरांत सध्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास मोठ्या प्रमाणावर होत आहे. कोपऱ्यातील सुट्या उपकेंद्राची खोली पाडून ती नव्या इमारतीच्या पोटात घेण्याचा निर्णय याच टप्प्यावर होतो. अशा वेळी संस्थेच्या सभासदांनी नव्या सदनिकेच्या क्षेत्रफळाबरोबरच तिच्या खाली काय येणार आहे, हेही नकाशावर पाहणे अगत्याचे आहे. इमारत उभी राहिल्यानंतर तोच प्रश्न सोडविणे अनेक पटींनी कठीण होते, असाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.